चिखल म्हणजे पाणी नव्हे

जूनच्या सुरुवातीला ऑर्बिका कंपनीचा हेमेंद्र माझ्या दुकानात आला, तेव्हा त्याच्या हातात प्लॅस्टिकची नवी कोरी बादली होती. मला वाटलं, गिऱ्हाइकांना भेट द्यायला आणली असेल. मोबाइल कंपन्या काहीही वाटतात. छत्र्या वाटतात, टोप्या वाटतात, महिन्याभरात बंद पडणारी घड्याळं वाटतात.

"दीदी, इसमें पानी भरवाओ," तो म्हणाला.

दुकान माझं आहे. आमगावात बाजाराच्या रस्त्यावर, 'अंजू मोबाइल'. माझा नवरा हिमांशू शेती बघतो आणि दुकान मी बघते. हे आधीच सांगून टाकते, कारण गोंदियाहून कंपनीची माणसं येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "भैया किधर है?" भैया बांधीत आहे, धानाच्या शेताला पाणी देतोय. जे बोलायचं ते माझ्याशी बोला. दुकानावर बोर्ड मात्र ऑर्बिकाचा. 'ऑर्बिका' हे नाव स्टेशनवरून वाचता यावं एवढं, आणि त्याच्याखाली 'अंजू मोबाइल' औषधाच्या बाटलीवर तारीख छापतात तेवढं.

रस्त्याच्या पलीकडे इंद्रकुमारचं दुकान. त्याच्यावर मेझोन कंपनीचा बोर्ड, माझ्यापेक्षा वीतभर मोठा. त्याने वीतभर मोठा लावला म्हणून ऑर्बिकावाले माझ्याकडे दोनदा मोजायला येऊन गेले. आम्ही दोघं तसे भांडत नाही. इंद्रकुमारची बायको आणि मी एकत्र पापड लाटतो. भांडतात त्या कंपन्या, आणि भांडायला त्यांना आमचे ओटे लागतात.

त्या उन्हाळ्यात त्यांचं भांडण अगदी ऐन रंगात आलं होतं. दोघांचा फोन एकच म्हणा ना! तोच पडदा, तीच बॅटरी, मागे तेच तीन गोल डोळे आणि त्यातला एक नुसता शोभेचा. मेझोनने भाव हजाराने पाडला, म्हणून ऑर्बिकाने पाडला. मेझोनने पुन्हा पाडला. आम्ही दुकानदार मधल्या मध्ये. काल सोळा हजाराला नेलेला फोन आज चौदाला दिसला की गिऱ्हाईक कंपनीच्या मालकाला जाऊन थोडंच विचारणार, ते माझ्याच अंगावर येतं. आणि आपल्या मनाने शंभर रुपये कमी करावेत म्हटलं, तर तेही चालत नाही. कंपनीने ठरवलेल्या भावाच्या खाली विकला की माल बंद.

शेवटी ऑर्बिकाच्या वरच्या लोकांनी ठरवलं की आता भाव पाडायचा नाही, उलट हजार रुपये वाढवायचे. मग लोकांनी तो का घ्यावा? तर हा फोन पाण्यात बुडला तरी चालतो म्हणून. त्यासाठी ती बादली.

बाजाराच्या दिवशी हेमेंद्रने दुकानासमोर भोंगा लावला, बादली स्टुलावर ठेवली आणि फोनवर गाणं सुरू करून तो फोन पाण्यात सोडला. पाण्यातून गाणं बुडबुडत राहिलं. बाहेर काढला, पुसला, गाणं खणखणीत. भाजीवाल्या बाया माल सोडून बघायला आल्या. मेझोनच्या ओट्यावर इंद्रकुमार एकटाच उभा राहिला. खरं सांगते, मला त्या दिवशी बरं वाटलं.

त्या गर्दीत जमुनाबाई होती. जमुनाबाई म्हणजे रोवण्याच्या टोळीची मुकादम. नहरालगतच्या, म्हणजे कालव्याकाठच्या गावात राहते. धानाची रोपं लावायचे दिवस आले की शेतकरी तिला फोन करतात, ती एकराचा भाव ठरवते आणि बाया घेऊन बांधीत उतरते. तिचा आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून हाक मारली तर त्या धुऱ्यावरच्या माणसाने जागेवर उभं राहावं. मी तिला मावशी म्हणते. नातं काही नाही, पण तिला दुसरं काही म्हणायची माझी हिंमत नाही.

"हात चिखलाचे असले तं बोट लागते का याले?" तिने हेमेंद्रला विचारलं.

"मौसी, हात काय घेऊन बसल्या? याला घेऊन आंघोळ करा," हेमेंद्र भोंग्यातून म्हणाला. सगळे हसले.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, वॉरंटीत पाणी बसतं का?"

"दीदी, आप बेचो. कंपनी बैठी है."

तेंदूपत्त्याच्या हंगामाचे पैसे बायांच्या हातात होते. जमुनाबाईने घेतला, म्हणून तिच्या टोळीतल्या आणखी सहा जणींनी घेतला. मेझोनचा फोन समोरच हजार-दोन हजाराने स्वस्त होता, तरी माझ्याकडून घेतला. आमचं काम पाण्यातलं, तं फोनबी पाण्यातला पाहिजे, असं त्यांचं सरळ गणित. मला ते गणित पटलं होतं.

जुलै अर्धा सरला आणि एका दुपारी जमुनाबाई दुकानात आली. मागे सहा जणी. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, लुगडी खोचलेली. बांधीतून उठून थेट आल्या होत्या. जमुनाबाईने पदराची गाठ सोडली आणि सातही फोन एकामागून एक माझ्या काउंटरच्या काचेवर मांडले. सातही मेलेले. एकाच्या पडद्याखाली पाण्याचा थेंब इकडून तिकडे पळत होता. दुसरा सुरू व्हायचा, पण बोललेलं समोरच्याला ऐकू जात नव्हतं.

"काय केलं मावशी?"

"धुतला."

"धुतला म्हणजे?"

"धुतला म्हणजे धुतला. सांजेले नहरात हातपाय धुतो, विळा धुतो, तिथंच फोन धुतो. चिखलाचा फोन घरात कसा न्याचा?"

"कशानं धुतला?"

"तनसाच्या बोळ्यानं. घासल्याबिगर चिखल निंगते का?"

मी हसले. मला आवरलंच नाही. सात बाया नहराच्या काठावर ओळीने बसून तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या बोळ्याने पंधरा हजाराचे फोन घासतायत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी काउंटरवर डोकं टेकून हसले.

जमुनाबाई हसली नाही. "हासून काऊन राहिली? तुह्या दुकानासमोरच तं सांगतलं त्या सायबानं. आंघोळ करा म्हणे. आमी तं नुसता धुतला."

माझं हसू तिथेच थांबलं. तिचं खरं होतं. ती म्हणाली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"बकाराम पाटलानं फोन केला," ती सांगू लागली. "बंद लागला. पुन्हा केला, बंद. त्यानं आपली बांधी दुसऱ्या टोळीले देऊन टाकली. काल आमी घरी बसलो. रोवन्याचे दिवस काय वर्षभर राहातेत का वो? फोन नाई तं काम नाई. मले हे फोन चालू करून पाहिजेत, नाई तं दुसरे पाहिजेत. नाव तुह्या दुकानाचं हाय."

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद करून सातही फोन पिशवीत घालून गोंदियाला गेले. ऑर्बिकाचं सर्व्हिस सेंटर बाजाराच्या वरच्या मजल्यावर आहे. काचेचं दार, गारेगार हवा, भिंतीवर पाण्यात नाचणाऱ्या पोरीचं पोस्टर आणि तिच्या हातात हाच फोन. टायवाल्या माणसाने एक फोन उघडला, भिंगातून पाहिलं आणि लगेच मिटला.

"मॅडम, इसमें मिट्टी है. वॉरंटीत बसत नाही."

"पाण्यात चालतो म्हणून विकला ना?"

"साफ पानी में. ठहरे हुए पानी में. वह भी थोड़ी देर." त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं. त्याच्याही खाली आणखी बारीक अक्षरात लिहिलं होतं की पाण्याने फोन बिघडला तर कंपनी जबाबदार नाही. म्हणजे स्वच्छ पाण्याने बिघडला तरी नाही.

"मग हिच्या हातात काय आहे?" मी पोस्टरवरच्या पोरीकडे बोट दाखवलं. "ही काय कोरड्यात नाचून राहिली?"

"मॅडम, चिखल म्हणजे पाणी नाही," तो शांतपणे म्हणाला.

मी तिथूनच हेमेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, "दीदी, मैंने तो साफ पानी में डाला था. आपने देखा ना? अब कोई खेत में ले जाके रगड़ेगा तो कंपनी क्या करेगी?" मी म्हटलं, गोंदिया जिल्ह्यात फोन विकता आणि तो शेतात जाणार नाही असं तुम्हाला वाटतं? मग विकता कोणाला, पोस्टरवरच्या पोरीला? त्याने "नेटवर्क नहीं है" म्हणून फोन ठेवला. मला इतका संताप आला की परतीच्या गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, "तब्येत ठीक आहे ना?" तब्येत ठीक होती. त्या बादलीचं पाणी माझ्या दारात भरलं होतं, माझ्या नळाचं, याची मला चीड येत होती.

दुकान उघडलं तोच इंद्रकुमार दोन चहा घेऊन आला. त्याला सगळं कळलं होतं. आमगावात कळायला वेळ लागत नाही.

"वहिनी, मेझोनवाल्यांशी बोललो," तो म्हणाला. "त्यांचाबी आता पाण्यात चालणारा निघाला. तसे सात फोन देऊन राहिले. फुकट. जमुनाबाईनं फक्त कॅमेऱ्यासमोर सांगायचं की ऑर्बिका मेला अना मेझोन टिकला. तुमच्या दुकानावर आमचा बोर्ड लागेल, भाड्यासकट."

चहा कपात तसाच राहिला. सात फोन फुकट. ऑर्बिकाच्या तोंडावर चपराक. याहून काय पाहिजे? मी लगेच गावात निरोप धाडला, आणि संध्याकाळी जमुनाबाई आली. इंद्रकुमारने पुन्हा चहा आणला आणि तिला सगळं समजावून सांगितलं, अगदी नवा फोन हातात देऊन.

तिने तो उलटापालटा करून पाहिला. "हा नहरात धुतला तं मरत नाई?"

इंद्रकुमार माणूस वाईट नाही. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कपाकडे. "मेझोनच्या कागदावरबी तेच लिहिलं आहे, मावशी. चिखल चालत नाही."

"मंग हा टिकला असं मी कायले सांगू?"

"फोन भेटतील ना तुमाले."

"आमाले भेटतील. अना आमचं ऐकून दुसऱ्या गावच्या बाया घेतील, त्या धुतील, त्याईचे मरतील. मंग त्या कोनाच्या दारात येतील? माह्या." तिने फोन काचेवर ठेवला. "त्या सायबानं आमाले बुडवलं. आता तुह्यासाठी मी दुसऱ्याईले बुडवू?"

इंद्रकुमार रिकामे कप घेऊन गेला. मला जमुनाबाईचा रागच आला. सात फोन हातात आले होते! आणि रागावूनही मला कळत होतं की ती म्हणते ते बरोबर आहे, म्हणून जास्तच राग आला.

"मग आता काय करायचं?" मी तिला जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"तो बादलीवाला पुन्हा कधी येनार हाय?"

तो येणारच होता. पोळ्याच्या आधी ऑर्बिकाचं नवं मॉडेल निघत होतं, आणखी दोन हजाराने महाग, आणि त्याच्या डब्यावर पाण्याचे दोन थेंब काढलेले. आधीच्या डब्यावर एकच होता. पुढच्या बाजाराच्या दिवशी हेमेंद्र आला, भोंगा लावला, बादली स्टुलावर ठेवली. जुन्या फोनांविषयी तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. "आज माहौल बनाएंगे, दीदी," एवढंच म्हणाला. मी पाणी भरून दिलं नाही. त्याने बाटल्या विकत आणून बादली भरली. इतकं साफ पाणी आमच्या घरी कोणी पीतसुद्धा नाही.

गर्दी जमली. गाणं सुरू झालं. हेमेंद्रने फोन वर धरला आणि तेवढ्यात गर्दी मधोमध फाटली. जमुनाबाई येत होती, डोक्यावर घमेलं. मागे टोळी. तिने बादलीतलं पाणी नालीत ओतलं, बादली स्टुलावर परत ठेवली आणि घमेल्यातला बांधीचा चिखल तिच्यात रिचवला. दाट, काळा, त्यात धानाची दोन रोपंही होती. वर तांब्याभर नहराचं पाणी ओतलं.

"आता टाक," ती म्हणाली.

भोंग्यावर गाणं चालूच होतं. हेमेंद्र हसायला गेला. "मौसी, यह क्या मजाक..."

"मजाक नाई. आमचं पानी असंच हाय. टाक."

"हा डेमोचा पीस आहे, मौसी. कंपनीचा आहे."

"मंग तुमचा सोताचा टाका. कंपनी बसली हाय ना?"

लोक हसले. कोणीतरी मागून ओरडलं, "टाका ना साहेब, आंघोळ घाला!" हेमेंद्रच्या कपाळावर घाम आला. त्याने गाणं बंद केलं, फोन खिशात घातला, आणि मग खिशावर हात दाबून धरला, कोणी हिसकावेल अशा भीतीने. माझ्या पोटातला गोंदियाचा सगळा राग त्या क्षणी निवला.

पलीकडे ओट्यावर इंद्रकुमार मोबाइल उभा धरून सगळं टिपत होता आणि त्याचं हसू कानापर्यंत गेलं होतं. जमुनाबाईने ते पाहिलं. तिने बादली उचलली, कडेवर घेतली आणि रस्ता ओलांडला. एक ट्रॅक्टर तिच्यासाठी थांबला.

"हास ना गा," ती इंद्रकुमारला म्हणाली. "आता तू टाक. तुहाबी पाण्यातलाच हाय म्हणतेस."

इंद्रकुमारने मोबाइल खाली घेतला. मेझोनचा फोनही चिखलात पडला नाही. बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा हसूच जास्त खपलं, आणि दोन्ही दुकानांतून पाण्याचा एकही फोन गेला नाही.

मला वाटलं, आता ऑर्बिका माझं दुकान बंद पाडणार. तीन-चार दिवस फोन वाजला की आधी नाव बघायचे, मग उचलायचे. पण कंपनी मोठी असली तरी पलीकडच्या कंपनीला भितेच. इंद्रकुमारने काढलेला त्या हसण्याचा व्हिडिओ मेझोनच्या लोकांकडे गेला होता आणि तिथून कुठे कुठे फिरत होता. त्यात त्यांनी शेवटचा, रस्ता ओलांडल्यावरचा तुकडा अर्थातच कापला होता. त्या आठवड्यात हेमेंद्र गाडी घेऊन आला. गाडीतून त्याने सात खोके काढले आणि माझ्या काचेवर रचले. सीलबंद.

"ऊपर से आए हैं," तो म्हणाला. "मौसी को बुलाओ."

टोळी संध्याकाळी कामावरून परतताना आली. अजून काम मिळत होतं ते चालत जाऊन, दारोदार विचारून, आणि बाकीच्या टोळ्या घेऊन उरेल तेवढंच. बाया दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या नजरा खोक्यांवर खिळल्या. रेणू नावाची त्यांच्यातली सगळ्यात लहान पोर पुढे झाली आणि खोक्यावरून एक बोट फिरवून परत मागे गेली.

हेमेंद्रने तीन पायांचा स्टँड उभा केला, त्यावर मोबाइल लावला. "छोटा सा व्हिडिओ. मौसी बोलतील, आमच्याकडून वापरण्यात चूक झाली, तरी ऑर्बिकाने नवे फोन दिले, धन्यवाद. बस. खोके तुमचे." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "और दीदी, यह नहीं हुआ तो दिवाली का माल बंद. बोर्ड भी जाएगा. समझा देना."

मी समजावलं. लाज नाही वाटत सांगायला. दिवाळीच्या मालावर माझं निम्मं वर्ष चालतं. मी म्हटलं, "मावशी, दोन वाक्यं आहेत. बोलून टाक. तुझं काम सुरू होईल, माझं दुकान राहील. कोन लक्ष देते?"

जमुनाबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पण त्या नजरेने मला वाटलं की मी आत्ताच काउंटरच्या पलीकडे, हेमेंद्रच्या बाजूला जाऊन उभी राहिले. ती स्टँडसमोर गेली, पदर सारखा केला.

"बोला मौसी."

"मी जमुनाबाई. रोवन्याची टोळी चालवतो. या सायबानं फोन बादलीत बुडवून दाखवला, आंघोळ करा म्हणाला. आमी नहरात धुतला." तिने हेमेंद्रकडे बोट केलं. "यानं धुतला तं जाहिरात, अना मी धुतला तं चूक?"

हेमेंद्रने झटकन बोट लावून व्हिडिओ थांबवला. "मौसी, यह नहीं. सिर्फ चूक वाला बोलो. चूक झाली, एवढंच."

"बरं. लाव."

त्याने लावला.

"चूक झाली," जमुनाबाई म्हणाली. हेमेंद्रने मान डोलावली. "या सायबाचं ऐकलं, हे चूक झाली."

दारातल्या बाया फिदीफिदी हसल्या, रेणू तर खालीच बसली. हेमेंद्रचा चेहरा लाल झाला. त्याने स्टँड मिटला आणि खोके पिशवीत भरायला लागला. एक खोका गेला, दुसरा गेला. बायांचं हसू विरलं. कोणी त्याला अडवलं नाही, कोणी गयावया केली नाही. जमुनाबाई तर बाहेर बघत उभी होती, जणू ते खोके तिचे कधी नव्हतेच. एवढ्या सहा जणींच्या तोंडचं जात होतं आणि एकीनेही तिला "बोलून टाक" म्हटलं नाही. ते फक्त मी म्हटलं होतं.

मी तिच्या नजरेच्या रोखाने बाहेर पाहिलं. पलीकडच्या ओट्यावर इंद्रकुमार मोबाइल उभा धरून उभा होता. त्याला आमची माया आली होती असं नाही. मेझोनला अजून एक तुकडा पाहिजे होता.

"हेमेंद्रभाऊ," मी म्हटलं, "भरा, भरा. सावकाश भरा. समोर इंद्रकुमार शूटिंग घेऊन राहिला. गरीब बायांसमोर ठेवलेले फोन तुम्ही परत गाडीत नेताना फार छान दिसून राहिले. उद्या रायपूरपर्यंत पोचाल."

त्याचा हात पिशवीतच थांबला. त्याने रस्त्यापलीकडे पाहिलं. इंद्रकुमारने तिकडून हात हलवला.

"दीदी, आप किसकी तरफ हो?"

"माझ्या दुकानाच्या. फोन ठेवा आणि व्हिडिओ विसरा. तुम्हाला सात फोन जड नाहीत. तुम्ही बोर्ड मोजायला माणूस पाठवता, त्याच्या गाडीभाड्यात निघतील."

"दिवाळीचा माल विसरा मग."

"विसरले."

"बोर्ड?"

मी काउंटरच्या बाहेर आले. "तुमच्याकडे शिडी नसेल. मीच काढून देते."

मी खरंच काढला. मागच्या खोलीतून शिडी आणली, हिमांशूचं पान्यांचं पुडकं आणलं आणि वर चढले. दोन बायांनी शिडी धरली. एक बोल्ट गंजला होता, तो निघेना, म्हणून कोपरा वाकवून तोडला. बोर्ड ओट्यावर आपटला तेव्हा शेजारचा गुलाबचंद सोनार चष्मा लावत बाहेर आला. बोर्डामागे भिंतीचा कोरा चौकोन निघाला आणि त्यात पालींची चार अंडी. हेमेंद्रने पिशवीतले दोन खोके परत काचेवर ठेवले. तुटका बोर्ड गाडीत मावला नाही, म्हणून टपावर बांधावा लागला. ते इंद्रकुमारने मन लावून टिपलं, आणि टिपून झाल्यावर लगेच रस्ता ओलांडून आला.

"वहिनी, मग मेझोनचा बोर्ड..."

"चिखलाचं लिहून आणा. मग लावू."

तो गेला. परत काही विचारायला आला नाही.

गाडी निघताना हेमेंद्रने काच खाली केली. तोही शेवटी नोकरीचा माणूस, वर त्याचं काय झालं असेल देव जाणे. "मौसी," तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "इसको पानी में मत डालना."

"पयलेच असं सांगतलं असतं," जमुनाबाई म्हणाली, "तं येवढं कायले झालं असतं?"

आत येऊन मी खोके उघडले. जुन्या फोनांतली सिमकार्डं काढून, पुसून नव्यांत घातली. बाया वाट बघत ओट्यावर बसल्या. दिवाळीला मी काय विकणार होते, मला ठाऊक नव्हतं. अजूनही नीटसं ठाऊक नाही. आता दोन-तीन छोट्या कंपन्यांचा माल ठेवते, भाव मी ठरवते, आणि कोणी विचारलं पाण्यात चालतो का, तर नाही म्हणून सांगते. काही गिऱ्हाइकं तेवढ्यावर निघून जातात.

जमुनाबाईने आपला फोन हातात घेतला आणि तिथेच उभी राहून पहिला फोन लावला. तिला फोन कानाला लावायची सवय नाही. ती तो तोंडासमोर धरते, त्यामुळे समोरचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"बकाराम पाटील? जमुनाबाई बोलून राहिलो. नहराखालची दुसरी बांधी राहिली हाय म्हणे तुमची."

"राहिली हाय. तुझा फोन लागते का आता?"

"लागते म्हणून तं बोलून राहिलो. उद्या सकाळी उतरतो आमी."

"ये. फोन नवा घेतला का?"

"नवा हाय."

"आयकलं मी बाजारात. कंपनीनं फुकट देल्ला म्हणे?"

जमुनाबाईने फोन आणखी जवळ आणला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फुकट कोन देते गा? भांडून घेतला."